कॉफीत रम : शुद्धीवर कोण आणतं?

शरदाचं चांदणं कवींनी कितीही वाखाणलं, तरी आपल्या नवी मुंबईत ऑक्टोबर म्हणजे घामाच्या धारा. गारवा जाणवायला लागतो तो कोजागरी उलटल्यावर, तोही रात्री उशिरा. मग गच्चीवर चार पाहुणे जमले, की जायफळ घातलेल्या कॉफीची आठवण होते. काही घरांत मोठ्यांच्या कपात थोडी रम किंवा ब्रँडीही पडते. हा प्रकार नीट कसा करावा आणि त्यातलं काय पोटात जाऊन काय करतं, ते आज पाहू.

कॉफीत मद्य घालण्याची कल्पना जगभर पसरली ती आयर्लंडमधून. तिथल्या फॉइन्स या गावी, पाण्यावर उतरणाऱ्या विमानांच्या तळावर, १९४३ च्या सुमारास जो शेरिडन नावाच्या आचाऱ्यानं थंडीनं गारठलेल्या प्रवाशांना कॉफीत व्हिस्की घालून, वर साय सोडून दिली. हीच 'आयरिश कॉफी'. १९५२ साली ती अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या एका उपाहारगृहात पोचली आणि नावारूपाला आली.

आपल्याकडे जायफळ हवंच. कोकणातल्या नारळी-पोफळीच्या बागांत ते पिकतं आणि वाशीच्या मसाला बाजारात सहज मिळतं. कपामागे दोन चहाचे चमचे कॉफीची पूड घ्या. चिकोरी कमी असलेली बरी. पाणी उकळलं की गॅस बंद करा, मिनिटभरानं त्यात पूड घाला, झाकण ठेवा आणि चार-पाच मिनिटांनी फडक्यानं गाळा. कपामागे दोन चमचे साखर, चिमूटभर वेलचीपूड आणि सहाणेवर दोन-तीन वळसे उगाळलेलं जायफळ. जायफळाचा हात मात्र आखडताच हवा. चमचा-दोन चमचे पूड पोटात गेली, तर मळमळ, छातीत धडधड, अगदी भ्रमसुद्धा होऊ शकतो.

इथपर्यंतची कॉफी घरातल्या सगळ्या मोठ्यांची. रम पातेल्यात ओतायची नाही. ज्याला हवी त्याच्या कपात, शेगडीपासून दूर, आणि मोजून ३० मिलिलिटर. औषधाच्या बाटलीचं खुणा असलेलं टोपण त्याला पुरतं. मग थंड साय किंवा क्रीम जरासं घुसळून चमच्याच्या पाठीवरून अलगद सोडा. साखरेनं कॉफी जड होते आणि स्निग्धांशामुळे साय हलकी असते, म्हणून ती वर तरंगते. बिनसाखरेच्या कॉफीत ती चटकन बुडते.

काहीजण म्हणतात, कॉफी गरम असल्यामुळे दारू उडूनच जाते. मद्यार्क ७८ अंश सेल्सिअसला उकळतो हे खरं. पण पाण्यात मिसळलेला मद्यार्क असा झटकन जात नाही. पंधरा मिनिटं मंद आचेवर शिजवलेल्या पदार्थातही त्यातला सुमारे ४० टक्के उरतो. कपात ओतलेली रम तर जवळजवळ सगळी पोटात जाते.

दुसरा समज म्हणजे दारूनं ऊब येते. मद्यामुळे कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून अंग गरम वाटतं. प्रत्यक्षात शरीरातली उष्णता बाहेर पडत असते. म्हणून सर्दी झालेल्या लहान मुलाला चमचाभर ब्रँडी देण्याची जुनी रीत मुळीच पाळू नये.

तिसरा समज सगळ्यांत घातक: 'कॉफी घेतली की दारू उतरते.' दारू उतरवण्याचं काम मुख्यतः यकृताचं, आणि ते आपल्या ठरलेल्या गतीनंच चालतं. आपल्याकडच्या रममध्ये साधारण ४२.८ टक्के मद्यार्क असतो. म्हणजे ३० मिलिलिटरमध्ये सुमारे १० ग्रॅम. तो निस्तरायला यकृताला तास-दीड तास लागतो. कॉफीनं त्यात एक मिनिटही वाचत नाही. कॅफिन फक्त झोप उडवतं. हाताचा आणि निर्णयाचा ढिलेपणा तसाच राहतो. माणूस जागा दिसतो, त्याला स्वतःलाही आपण शुद्धीवर आहोत असं वाटतं, आणि तो आणखी एक कप मागतो. याच कारणानं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१० साली कॅफिन मिसळलेली मद्यं विकणाऱ्या चार कंपन्यांना ताकीद दिली होती.

आपल्या कायद्यात वाहनचालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळला, तर तो गुन्हा आहे. महाराष्ट्रात रमसारखं मद्य घेण्यासाठी वयाची पंचवीस वर्षं पूर्ण असावी लागतात आणि परवानाही लागतो. झोपेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, गर्भवतींनी आणि यकृताचा त्रास असलेल्यांनी रमविना कॉफी घ्यावी. चवीत फारसं काही हुकत नाही.

पाहुण्यांना कप देण्याआधी एवढंच विचारा, की गाडी कोण चालवणार? त्याच्या कपात जायफळ थोडं कमी-जास्त चालेल, रम अजिबात नको. आणि सगळ्यांनीच घेतली असेल, तर पामबीच रस्ता मध्यरात्री कितीही मोकळा दिसला, तरी रिक्षा किंवा टॅक्सी बोलवा, नाहीतर दिवाणखान्यात गाद्या घाला.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)