हेडफोनला किती व्होल्ट हवेत?

मोबाइल फोनमध्ये गाणे आकड्यांच्या रूपात साठवलेले असते. हेडफोनचा पडदा मात्र आकड्यांनी हलत नाही. त्याला सतत बदलणारी विद्युतधारा लागते. म्हणून दोघांच्या मध्ये दोन मंडले असतात. पहिले आकड्यांचे रूपांतर विभवांतरात करते. याला परिवर्तक किंवा ‘डॅक’ म्हणतात. दुसरे, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, त्या संदेशाला पडदा हलवण्याइतकी शक्ती देते. २०१६ साली आयफोन ७ मधून हेडफोनची गोल खोबण गेली. पुढे इतर अनेक फोनमधूनही ती गेली. अशा फोनला तारेचा हेडफोन लावायचा तर ही दोन्ही मंडले असलेली छोटी जोडणी विकत घ्यावी लागते. काही शे रुपयांपासून हजारो रुपयांपर्यंत ती मिळते. मग निवड कशी करायची?

वेष्टनावर ‘३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झ’ असे आकडे ठळक छापलेले असतात. आपला कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकतो. ते टिपण्यासाठी सेकंदाला त्याच्या दुपटीहून थोडे अधिक नमुने पुरतात. म्हणूनच सीडीसाठी ४४,१०० नमुने आणि १६ बिट, म्हणजे ६५,५३६ पायऱ्या, ठरवल्या गेल्या. नुसते ऐकण्यासाठी याहून मोठ्या आकड्यांना जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

खरा प्रश्न शक्तीचा आहे, आणि त्याचे उत्तर शाळेतल्या सूत्रात आहे: शक्ती = विभवांतराचा वर्ग ÷ रोध. समजा, एका हेडफोनचा रोध ३२ ओहम आहे आणि तो १ मिलिवॉटला १०० डेसिबल आवाज देतो. शक्ती दहापट केली की आवाज १० डेसिबलने वाढतो. संगीतातले क्षणिक मोठे आघात ११० डेसिबलपर्यंत जाऊ द्यायचे, तर १० मिलिवॉट हवेत. सूत्रानुसार त्यासाठी ०.५७ व्होल्ट लागतात. तितकाच आवाज देणाऱ्या ३०० ओहमच्या हेडफोनला मात्र १.७३ व्होल्ट लागतील. म्हणजे १ व्होल्ट देणारी साधी जोडणी पहिल्याला पुरेल, दुसऱ्याला कमी पडेल. काही उत्पादक आवाजाचा आकडा मिलिवॉटऐवजी व्होल्टला देतात, तेव्हा एकक आधी पाहावे.

आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. काही जोडण्यांत नुसत्या तारा असतात, परिवर्तक नसतो. त्या सर्व फोनवर चालत नाहीत. दुसरे, अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा रोध हेडफोनच्या रोधाच्या आठव्या भागाहून कमी असावा, नाहीतर काही हेडफोनमध्ये स्वरांचा समतोल बदलतो.

दोन जोडण्यांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवावा आणि कोणती चालू आहे हे ऐकणाऱ्याला सांगू नये. किंचित मोठा आवाज आपल्याला ‘अधिक चांगला’ वाटतो. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग जरूर करावा.

शेवटी कानाविषयी. प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास अशी आहे. मुलांसाठी ती ७५ डेसिबल आहे. दर ३ डेसिबल वाढीला हा वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला १० तास. जोडणी शक्तिशाली असली, तर हा हिशेब अधिकच जपायला हवा.