कडबा घरचा की विकतचा

दावणीला दोन संकरित गाई, एक म्हैस आणि खिलार बैलांची जोडी असेल, तर वर्षाला अकरा टनांच्या आसपास कोरडी वैरण लागते. हिरवा चारा जोडीला असला तरी मोठ्या जनावराला दिवसाला सरासरी सहा किलो कोरडं लागतंच. पाच जनावरांना 30 किलो, वर्षाचे 10,950 किलो. पेंढी दोन किलोची धरली तर साडेपाच हजार पेंढ्या. एवढा कडबा घरच्या रानात करून गंजीला लावायचा की फाल्गुनात ट्रॉलीनं विकत आणायचा, हा प्रश्न मंगळवेढा, मोहोळ, बार्शीकडच्या घरांत पेरणीच्या आधी भाद्रपदातच निघतो. कारण घरचा करायचा तर शाळूला रान ठेवावं लागतं, आणि ते रान मग कांद्याला, हरभऱ्याला, उसाला मिळत नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्याकडे हा प्रश्नच नव्हता. सगळं काळं रान शाळूचं. पावसाळ्यात जमिनीनं पाणी पिऊन घ्यायचं आणि त्या ओलीवर थंडीत शाळूनं पोसायचं, ही इथली शेती. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते याच मालदांडीसाठी. मालदांडी 35-1 हा वाणही आमच्याच जिल्ह्यात, मोहोळच्या केंद्रावर निवडलेला. भाकरीसाठी तिचं नाव सगळीकडे झालं, पण इथल्या माणसानं ती धरून ठेवली ती निम्मी कडब्यासाठी. ताट उंच, पाला भरपूर, रस गोडसर. संकरित ज्वारीची पेंढी आणि मालदांडीची पेंढी शेजारी टाकली तर बैल कुठं तोंड घालतो हे कुणी सांगावं लागत नाही.

मग हे सोपं गणित बिघडलं कुठं? माणसांत. शाळू उपटून काढायचा असतो. थंडीत हातांना भेगा पडलेल्या असतात, रान वाळून कडक झालेलं असतं आणि एकेक ताट मुळासकट ओढायचं. मग ते आडवं पडून वाळू द्यायचं, बायकांनी बसून कणसं मोडायची, त्यानंतर पेंढ्या बांधायच्या, वाहायच्या, रचायच्या. या कामाला आता माणूस मिळत नाही. मिळाला तर पैसे घेऊन वर ज्वारीही मागतो, आणि त्याचं चुकतं असं मला वाटत नाही. शाळूकाढणी एकदा केलेल्या माणसाला तिची मजुरी जास्त वाटणार नाही.

बांधणी तर पहाटेचंच काम. उन्हं वर आली की पाला चुरा होतो आणि पेंढी आवळताना निम्मा खाली गळतो. दवात ताट मऊ असतं, पाला चिकटून राहतो, आळ्याला पीळ दिला तरी तो तुटत नाही. आमचे चुलत सासरे आण्णा तीनला उठून रानात जायचे. कंदील बांधावर ठेवायचा, गुडघ्याखाली पेंढी दाबायची, दोन ताटांचा पीळ देऊन आळा फिरवायचा, टोक आत खोचायचं. पाच पेंढ्यांचा पाचुंदा झाला की पुढं सरकायचं. सूर्य कासराभर वर आला की हात थांबले. आता सुतळी आली, तरी वेळ पहाटेचीच. पहाट चुकली की कडबा दिसायला तेवढाच राहतो, पण त्यातला पाला रानात गेलेला असतो. आणि ताटापेक्षा पाल्यातच जनावराच्या अंगी लागणारं जास्त असतं. आधीच कडब्यात प्रथिनं शेकडा तीन-चार. तीही मातीत घालवायची म्हणजे मग दावणीला पोत्यानं पेंड ओतत बसावं लागतं.

माणसाला पर्याय म्हणून यंत्र आलं आहे. हार्वेस्टरनं कणसं घ्यायची आणि मागं पडलेली ताटं बेलरनं उचलून गठ्ठे बांधायचे. भाताच्या, गव्हाच्या, सोयाबीनच्या रानात हे काम चांगलं होतं. गठ्ठा वीस-पंचवीस किलोचा, चौकोनी, रचायला सोपा, जागा कमी घेणारा. आमच्या भावकीत एकानं गेल्या काही हंगामांत शाळूवर हे करून पाहिलं, आणि गठ्ठे बांधले जात असताना मी बांधावर उभी राहून बघितलं. यंत्र ताट उचलतं तशी ढेकळंही उचलतं. काळ्या रानातली माती गठ्ठ्यात बसली की जनावर त्याला तोंड लावत नाही. दुसरं म्हणजे बेलरवाला येतो त्याच्या सवडीनं, भर उन्हात, दुपारी. पाला आधीच खडखडीत, यंत्राच्या तोंडातच त्याचा भुगा होतो. आणि घाईनं ओलसर असताना बांधला तर आतून तापतो. असा गठ्ठा फोडला की पांढरी बुरशी आणि उग्र वास येतो. शेकडा पंधरा-अठराच्या वर ओल असताना कोणतीही कोरडी वैरण दाबून बांधू नये. फारच ओली राहिली तर गंजी आपोआप पेट घेते, इतकी आत उष्णता साठते. सकाळी दव उडता उडता येणारा बेलरवाला मिळाला तर मी या पद्धतीला लगेच हो म्हणेन. चार एकरांसाठी स्वतःचा बेलर घेणं मात्र परवडणारं नाही. ते यंत्र शेकडो एकरांवर फिरलं तरच त्याचे हप्ते फिटतात.

राहिला विकतचा. कडबा शेकड्यावर विकला जातो, म्हणजे शंभर पेंढ्यांचा भाव. सगळी मेख इथं आहे. पेंढी केवढी, हे कुणी बोलत नाही. समजा शेकडा दोन हजार आहे, म्हणजे पेंढी वीस रुपयांना. दोन किलोची असेल तर वैरण दहा रुपये किलो पडली. सव्वा किलोची असेल तर सोळा. भाव तोच, ट्रॉलीही तेवढीच उंच दिसते. त्यातून अख्खी पेंढी गव्हाणीत टाकली तर जनावर पाला आणि शेंडा खातं, बुडखा तसाच ठेवतं. सकाळी झाडताना चघळ निघतं ते कधी कधी टाकलेल्या वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. म्हणजे सोळाची वैरण पोटात जाते ती चोवीसला. कुट्टी केली तर ही नासाडी बरीच वाचते. खिलार बैल दातांनी बुडखाही फोडतो, संकरित गाय नाही फोडत. तिच्यासाठी कुट्टी यंत्र हवंच, मग कडबा घरचा असो की विकतचा.

म्हणून आम्ही ट्रॉली घेताना वजनकाटा काढतो. गेल्या फाल्गुनात एक व्यापारी दारात ट्रॉली घेऊन आले. मी म्हटलं, “तात्या, वरच्या थरातल्या नकोत, मधल्या दहा पेंढ्या काढा.”

ते म्हणाले, “वहिनी, कडबा कुणी तोलून घेतं का? आजपर्यंत शेकड्यावरच व्यवहार झालाय.”

“व्यवहार शेकड्यावरच करू. फक्त शेकडा किती किलोचा ते कळू द्या.”

दहा पेंढ्या सोळा किलो भरल्या. हातात घेतल्यावर त्या मोठ्या वाटत होत्या, मग वजन कुठं गेलं? एक ताट बुडाशी वाकवलं तर कट्कन मोडण्याऐवजी चेपलं गेलं. आत पोकळ, भेंड करपलेलं. हा खडखड्या रोग. दाणे भरताना जमिनीतली ओल संपली की शाळूला तो लागतो, बुडखा आतून कुजतो, ताट वाऱ्यानं खडखडतं, पुष्कळदा लोळतं. बाहेरून कडबा पिवळाधमक दिसतो, आत काही नसतं. दुसरी खूण पाल्यावर हात फिरवून बघायची. काळी काजळी हाताला लागली तर त्या रानावर चिकटा पडला होता असं समजायचं. माव्यानं सोडलेल्या गोड चिकट रसावर ती काळी बुरशी धरते, आणि तसला पाला गाय हुंगून बाजूला सारते. पावसात भिजलेल्या कडब्यालाही काळपट छटा येते, पण त्याला कुबट वास असतो. वेळेवर काढलेल्या, सावकाश वाळलेल्या पाल्यात हिरवट झाक राहते. ती दिसली की मी भावात फार घासाघीस करत नाही.

तोलून घेण्यातही एक पेच आहे. नुकत्याच बांधलेल्या कडब्यात पाणी असतं. अशा वेळी वजनावर घेतलं तर वैरणीच्या भावानं पाणी विकत घेतल्यासारखं होतं, आणि गंजीला लावल्यावर तो तापतो तो वेगळाच. म्हणून आधी ताट मोडून बघायचं, कोरडेपणाची खात्री करायची, मग काटा. तात्यांच्या ट्रॉलीचा भाव शेवटी वजनाच्या हिशेबानं खाली आला. त्यांचा राग दोन दिवस राहिला असेल. पुढची ट्रॉली त्यांनीच आणली, दुसऱ्या रानातली, आणि ती खरोखर चांगली निघाली.

मुरघासाशी तुलना करतानाही लोक असेच फसतात. मका दाण्यात चीक भरून घट्ट होऊ लागला की कापायचा, इंचभर कुट्टी करायची, दाबून हवाबंद करायची, 45 दिवसांनी काढायचा. वस्तू उत्तम आहे, दुधाला नक्की लागू पडते. पण पाच रुपये किलोचा मुरघास आणि दहा रुपये किलोचा कडबा शेजारी ठेवून ‘मुरघास निम्म्यात’ म्हणणं बरोबर नाही. मुरघासात पाणीच सत्तर टक्के. तीस टक्के कोरड्याला पाच रुपये, म्हणजे कोरडा किलो साडेसोळाला पडला. कडबा नव्वद टक्के कोरडा, तो अकराला. मुरघास त्याच्या कसासाठी घ्यायचा, स्वस्त म्हणून नाही. उसाच्या वाढ्याचंही लोक असंच करतात. गाळप सुरू झालं की पंढरपूर, माळशिरसकडे वाढं मुबलक, म्हणून महिनोन् महिने तेच टाकतात. वाढ्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं आणि दुभत्या जनावराची हाडं झिजतात. अधूनमधून ठीक, पण त्यावर गोठा चालवू नये.

तर मग घरचा की विकतचा? ज्याला बारमाही पाणी आहे, रानात ऊस किंवा द्राक्षं उभी आहेत आणि घरात राबायला दोन माणसं नाहीत, त्यानं शाळूसाठी रान अडवू नये. त्यानं फाल्गुनात, रास होत असतानाच, वर्षाचा कडबा एकदम घेऊन ठेवावा आणि चांगली गंजी रचून घ्यावी. माझं म्हणणं कोरडवाहू माणसासाठी आहे. त्यानं निदान पावसाळा संपेपर्यंत पुरेल एवढा कडबा घरच्या रानात करावा, बाकीचा विकत घ्यावा. कारण आमच्याकडचा पाऊस भरवशाचा नाही. 2012-13 आणि 2018-19 मध्ये याच भागात छावण्या उघडाव्या लागल्या. माणसं जनावरांबरोबर महिनोन् महिने पालाखाली राहिली. अशा सालात वैशाखातला भाव विचारायची सोय नसते, कडबाच बाजारात नसतो. टंचाईत जिल्ह्याबाहेर चारा नेण्यावर बंदी येते. ज्या जिल्ह्यातून आणायचा तिथंही तीच बंदी असते. त्या वेळी ज्याच्या दारात गंजी असते त्याला बैल विकावे लागत नाहीत. दुष्काळात विकलेली खिलार जोडी पुढच्या मृगाला त्या किमतीत परत मिळत नाही, हे इथल्या प्रत्येक घरानं कधी ना कधी पाहिलेलं आहे.

गंजीचं काम निम्मं बुडाशी असतं. खाली दगड मांडायचे, त्यावर तुराट्या अंथरायच्या, नाहीतर वाळवी पहिले दोन थर खाऊन टाकते. बुडखे बाहेर, शेंडे आत, म्हणजे पाला उन्हापावसापासून झाकला जातो. मधला भाग नेहमी भरलेला, किंचित उंच ठेवायचा. मग प्रत्येक पेंढी बाहेरच्या बाजूला उतरती बसते आणि पाणी बुडख्यावरून बाहेरच निथळतं. मधे खळगा राहिला तर वरची ताडपत्री कितीही नवी असो, ओल आत उतरते. आण्णांचं वय झालं, ते आता वर चढत नाहीत. खाली खाटेवर बसून सांगतात, “पोट भर तिचं, पोट भर,” आणि माझा मुलगा वरून पेंढी फिरवून घेतो.

घरच्या चार एकरांत बऱ्या वर्षी सात टन कडबा निघतो. म्हणजे गरजेपैकी चार टन विकत. सोयाबीनचं भुसकट मिळालं तर एखादा टन त्यातून भागतो. कडब्याच्या कुट्टीत थोडं मिसळलं की जनावरं ते खातात, नुसतं टाकलं तर उडतं आणि वाया जातं. लसूणघासाचे काही वाफे विहिरीजवळ ठेवलेले आहेत, कारण नुसत्या कडब्यावर पोट भरतं, दूध भरत नाही. प्रथिनं फारच कमी पडली की पोटातले जिवाणूच उपाशी राहतात आणि मग जनावर कडबाही कमी खातं.

यंदाची पेरणी हस्ताच्या आगेमागे होईल. काढणी-बांधणीला येणाऱ्या जोडप्याशी बोलणं झालं आहे. त्यांनी मजुरीशिवाय पाचुंद्यामागे एक पेंढी मागितली आहे, आणि ती द्यायची असं आम्ही ठरवलं आहे, कारण त्यांच्याही दारात एक म्हैस आहे. ती दोघं नक्की येणार असतील तर चारही एकर शाळू. ती साखर कारखान्याच्या टोळीबरोबर ऊसतोडीला गेली तर अडीच एकरच करू, आणि विहिरीला पाणी राहिलं तर उरलेल्या दीड एकरात मुरघासासाठी मका.