खिडकीवरची तपासणी

टपालकचेरींत पार्सल घेऊन गेलेल्या मनुष्याचा पत्ता अपुरा असला, तर कारकून तें खिडकीवरूनच परत करतो. परगांवीं जाऊन हरवण्यापेक्षां तें तेथेंच परत मिळालेलें बरें. संगणकाच्या भाषांनाही हाच प्रश्न सोडवावा लागतो.

प्रत्येक भाषेंत वर्गमूळ काढणें, ओळ वाचणें अशीं नित्याचीं कामें करणारीं ‘फंक्शनें’ तयार असतात. प्रोग्रॅम लिहिणारा त्यांस एखादें मूल्य देतो व उत्तर मागतो. दिलेलें मूल्य योग्य आहे कीं नाहीं, हें कोणीं पाहावें?

पायथॉन भाषेंत वर्गमूळाच्या फंक्शनला ९ हा आंकडा दिला, तर ३ हें उत्तर येतें. आंकड्याऐवजीं ‘नऊ’ हा शब्द दिला, तर मूल्याची जात चुकली म्हणून तें काम नाकारतें. उणे ९ दिल्यास जात बरोबर असते, पण मर्यादा सुटते. म्हणून निराळ्या नांवाचा नकार मिळतो. जावास्क्रिप्टची रीत वेगळी आहे. तेथें ह्या दोन्ही प्रसंगीं काम थांबत नाहीं. ‘ही संख्या नव्हे’ अशा अर्थाची खूण उत्तर म्हणून हातीं येते. पुढल्या बेरजा-गुणाकारांत ती खूण पसरत जाते, आणि मूळ चूक कोठें झाली हें मागाहून हुडकीत बसावें लागतें. नकार कठोर वाटला, तरी तो चुकीची जागा दाखवितो, हा त्याचा मोठा उपकार होय.

जेथें तपासणी मुळींच नाहीं, तेथें काय होतें? सी भाषेंत ‘गेट्स’ नांवाचें फंक्शन बाहेरून आलेली ओळ स्मृतींत ठेवीत असे. ओळ कोठें ठेवावयाची, एवढेंच तें विचारी. जागा किती आहे, हें विचारीत नसे. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं रॉबर्ट मॉरिस ह्या अमेरिकन विद्यार्थ्यानें स्वतःच्या प्रती काढीत पसरणारा एक प्रोग्रॅम इंटरनेटवर सोडला. त्याच्या प्रवेशमार्गांपैकीं एक मार्ग ह्याच फंक्शनमधून जात होता. राखलेली जागा ५१२ बाइटांची, आणि पाठविलेली ओळ ५३६ बाइटांची! जादा बाइट शेजारच्या स्मृतींत सांडले. काम संपल्यावर कोठें परतावयाचें, तो पत्ता तेथेंच लिहिलेला होता. तो बदलला, आणि परक्याचे हुकूम यंत्र पाळूं लागलें.

येथें विशेष असा, कीं गेट्सनें मनांत आणलें असतें, तरी त्याला तपासणी करतां आली नसती. कारण जागेचें माप त्यास कोणी सांगतच नव्हतें. ‘एफगेट्स’ हें दुसरें फंक्शन तें माप मागून घेतें व तेवढ्यावरच थांबतें. सी भाषेच्या २०११ च्या प्रमाणग्रंथांतून गेट्स काढून टाकण्यांत आलें.

अर्थात् उत्तम तपासणीलाही सीमा असते. ८१ च्या जागीं चुकून १८ दिले, तर कोणतेंही फंक्शन हरकत घेणार नाहीं. जात व मर्यादा यंत्र पाहूं शकतें. हेतु पाहण्याचें काम मात्र लिहिणाऱ्याकडेच राहतें. फंक्शन रचणाऱ्यानें एवढें ध्यानांत ठेवावें, कीं जें विचारलेंच नाहीं, तें पारखतां येत नाहीं.