न पडलेल्या शिळेचं गणित

जबलपूरला मदनमहालच्या किल्ल्याजवळ एका खडकावर ग्रॅनाइटची अवाढव्य शिळा विसावली आहे. टेकलीय इतक्या कमी जागेवर, की बघतानाच धस्स होतं. २२ मे १९९७च्या पहाटे इथे सहाच्या आसपास तीव्रतेचा भूकंप झाला. घरं कोसळली, माणसं दगावली, शिळा मात्र जागची हलली नाही. तेव्हापासून लोक तिला चमत्कार म्हणतात. मला तिच्यात आठवी-नववीचं बीजगणित दिसतं.

एक वीट फळीवर उभी करा. उंची नऊ इंच, रुंदी तीन इंच. फळीचं टोक हळूहळू उचला. साधारण अठरा अंशांना वीट कलंडते. जमीन आडवी हिसकली तरी हिशोब तोच. इंजिनिअर तो असा मांडतो: रुंदी = उंची × धक्क्याचं त्वरण ÷ गुरुत्वत्वरण. धक्का माहीत आहे, खांब किती रुंद हवा ते सांगा.

आता ‘सूत्राचा कर्ता बदला’, म्हणजे त्वरण डावीकडे एकटं आणा. त्वरण = गुरुत्वत्वरण × रुंदी ÷ उंची. आपल्या विटेसाठी गुरुत्वाचा एक तृतीयांश. जपानमधल्या १८९१च्या भूकंपानंतर भूकंपशास्त्रज्ञ ओमोरी यांनी उलथलेल्या थडग्यांच्या दगडांवरून धक्क्याचा जोर काढला, तो याच वाटेने. सूत्र टोकियोत शिकवणाऱ्या वेस्ट या इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकाचं. त्यांचं नाव आज कुणाच्या ओठी नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

पुढे अमेरिकेत भूकंपशास्त्रज्ञ जेम्स ब्रून यांनी प्रश्नच फिरवला: जे दगड पडले नाहीत, ते काय सांगतात? पडलेला दगड म्हणतो, धक्का निदान एवढा होता. उभा दगड म्हणतो, यापेक्षा मोठा आलाच नाही. हजारो वर्षं तोलून राहिलेली शिळा म्हणजे यंत्रं जन्मण्याआधीची नोंदवही! किती सुंदर कल्पना आहे ही!

पण ‘सहाच्या भूकंपालाही पुरून उरली’ हे कौतुक मला पटत नाही. सूत्रात ‘सहा’ कुठेच नाही. त्याला शिळेखालचं त्वरण हवं, आणि त्या भूकंपाचं केंद्र सुमारे ३५ किलोमीटर खोल होतं, म्हणजे वर येईपर्यंत धक्का मवाळ झालेला असू शकतो. शिवाय सूत्र ढोबळ आहे. १९६३ साली इंजिनिअर हाउस्नर यांनी दाखवलं, की आकार तोच ठेवून दगड मोठा केला तर तो पाडणं अवघड होतं. क्षणभराचा हिसका त्याला पुरत नाही.

जबलपूरला गेलात तर शिळेचे फोटो चारही बाजूंनी काढा. टेकलेल्या जागेची कड आणि शिळेचा मध्य जोडणारी रेघ ओढा आणि ती उभ्या रेषेशी किती अंशांचा कोन करते ते कोनमापकाने मोजा. सगळ्यांत लहान कोन येईल तोच धरा; विटेच्या अठरा अंशांसारखा तो शिळेचा कलंडण्याचा कोन.