सीईटीत ९२ पर्सेंटाइल आले, आता गॅप घ्यायचा का?

संगमनेर, पारनेर, श्रीगोंदा, कुठूनही टीवायच्या मुलामुलींशी बोललं की प्रश्न साधारण एकच असतो: एमबीए सीईटीला ९२ आले, तर एक वर्ष गॅप घेऊन पुण्यात क्लास लावायचा का? यात घरचे पैसे आणि अख्खं वर्ष पणाला लागतं. परीक्षांचं मोजमाप हाच माझ्या पीएचडीचा विषय असल्यामुळे हा ९२ चा आकडा जरा उघडून बघू.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, तो रांगेतला नंबर आहे. तुमच्या सत्रात तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण मिळवणारे शेकडा किती, एवढंच तो सांगतो. समजा एका सत्रात २०,००० जण बसले. ९२ म्हणजे तुमच्या पुढे साधारण १,६०० जण. ९९ म्हणजे २०० आणि ९९.९ म्हणजे फक्त २०. म्हणून ९९ वरून ९९.९ वर जाणं दिसतं तितकं छोटं नाही.

मग सरळ गुणच का बघत नाहीत? कारण परीक्षा अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो. तुमचा पेपर अवघड निघाला तर तो त्या सत्रातल्या सगळ्यांनाच अवघड जातो, रांगेतली जागा फारशी हलत नाही. सगळ्या सत्रांत मुलांची तयारी सरासरी सारखीच आहे, हे मात्र यात गृहीत धरलेलं असतं.

आता नशिबाचा भाग. या सीईटीत २०० प्रश्न, १५० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. निगेटिव्ह मार्किंग नाही आणि पर्याय पाच. शेवटचे ४० प्रश्न डोळे झाकून भरले तर सरासरी ८ गुण मिळतात. पण बाकीचेही हेच करतात, त्यामुळे त्याने तुम्ही पुढे जात नाही; रिकामे सोडले तर मागे मात्र नक्की जाता. शिवाय ८ ही सरासरी झाली. कुणाला ५ मिळतील, कुणाला ११. जिथे गर्दी जास्त तिथे एवढ्या फरकाने शेकडो जण मागेपुढे होतात. म्हणजे ९१ आणि ९२ वाल्यांत कोण हुशार, हे या आकड्यावरून सांगताच येत नाही.

दुसरी गोष्ट, रांग एकच नसते. कॅपमध्ये गृह विद्यापीठ आणि इतर विद्यापीठ असा फरक होतो, आणि पदवी कुठून घेतली त्यावर तो ठरतो. आपल्या जिल्ह्यातली कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाखाली येतात. त्यामुळे मुंबईच्या जमनालाल बजाजसाठी तुम्ही बाहेरचे, तर पुण्यातल्या पुम्बासाठी घरचे. मागच्या वर्षाचा कटऑफ बघताना आपल्या प्रवर्गाचा आणि आपल्या विद्यापीठाच्या रकान्यातलाच आकडा बघा. मित्राला त्याच पर्सेंटाइलवर काय मिळालं, हे तुम्हाला लागू होईलच असं नाही.

मग गॅपचं काय? शेवटच्या पाच पूर्ण मॉक टेस्टची सरासरी काढा. सीईटीचे गुण त्याच्या आसपास असतील, तर हीच तुमची सध्याची पातळी. त्याच पद्धतीने आणखी एक वर्ष घासून फार बदलणार नाही. गुण सरासरीपेक्षा बरेच कमी असतील, तर त्या दिवशी काहीतरी बिनसलं. पुन्हा बसण्यात अर्थ आहे. पण पुन्हा बसायला नोकरी सोडून घरी बसावंच लागतं असं नाही.

पद्धत बदलायची म्हणजे काय, यावर रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. एका गटाने उतारा वाचून पुन्हा वाचला. दुसऱ्याने वाचून, न बघता आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी पहिला गट पुढे होता, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चित्र उलटलं: पुन्हा वाचणारे ४२ वर, आठवून लिहिणारे ५६ वर. उतारा आणि सीईटीतलं रीझनिंग एक नव्हे, हे खरं. तरी सोडवलेली उदाहरणं परत परत वाचण्यापेक्षा वही मिटून, घड्याळ लावून स्वतः सोडवणं जास्त टिकतं. त्यासाठी पुण्यात खोली घ्यायची गरज नाही. एसवायपासून आठवड्याला एक पेपर सोडवला तरी चालतं.

आणि एक, पर्सेंटाइल कितीही आले तरी पदवीला किमान ५० टक्के लागतात, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४५. टीवायचा एक विषय राहिला तर हातातली जागा जाते. जात पडताळणी, नॉन-क्रीमी लेअर यांचे अर्ज निकालाची वाट न बघता आधीच टाका. नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून सीईटी सेलची त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा.