ट्रेकचं जेवण विकायचंय? ड्रायर घेण्याआधी हे वाचा



उन्हाळा लागला की आपल्या भंडारा जिल्ह्यात घरोघरी वाळवण सुरू होतं. पापड, कुरडया, सांडगे, मुंगवड्या. हात सरावलेले आहेत, तांदूळ घरचा आहे. मग ट्रेकिंगला जाणाऱ्यांसाठी वाळवलेली खिचडी, डाळभात, पोहे असा धंदा होईल का? होईल. पण हे नेहमीचं वाळवण नाही, हे आधी समजून घ्या.

गिऱ्हाईक पैसे कशाचे देतो?

कुरडई तळावी लागते, मुंगवडी शिजवावी लागते. ट्रेकचं पाकीट वेगळं. त्यात आधी पूर्ण शिजवलेलं आणि मग वाळवलेलं अन्न असतं. उकळतं पाणी ओतलं, पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवलं की जेवण तयार.

शिजलेल्या खिचडीत साधारण ७० टक्के पाणीच असतं. म्हणजे ३०० ग्रॅमची एक प्लेट वाळून ९०-१०० ग्रॅमवर येते. पाच दिवसांच्या ट्रेकला दहा जेवणं धरली, तर पाठीवरचं दोन किलो ओझं कमी झालं.

दुसरं कारण उंचीचं. दर ३०० मीटरला पाणी उकळण्याचं तापमान साधारण १ अंशाने उतरतं. हिमालयात ३,६०० मीटरवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. तिथे कच्ची डाळ तासभर ठेवली तरी नीट शिजत नाही, गॅस मात्र संपतो. गिऱ्हाईक पैसे देतो ते या वाचलेल्या वजनाचे आणि वाचलेल्या इंधनाचे. किराणा दुकानातल्या खिचडीच्या पाकिटाशी भावाची तुलना करत बसू नका.

खिचडीची पद्धत

१. तांदूळ मोकळा शिजवा, मूगडाळ पूर्ण मऊ करा. भाज्या बारीक चिरा, म्हणजे सगळं सारखं वाळेल.

२. तेल-तूप अगदी नावापुरतं. पाणी उडतं, तेल उडत नाही. तेच पुढे खवट होतं. तूप आणि शेंगदाणे वेगळ्या पुडीत द्या.

३. ड्रायर आधी गरम करून ठेवा. शिजलेलं अन्न लगेच ट्रेवर पातळ पसरा.

४. ५७ ते ६० अंशांवर ६ ते १० तास. मधे एकदा हाताने मोकळं करा. दाणा दाबल्यावर कडक तुटला पाहिजे. मऊ लागला तर परत ड्रायरमध्ये.

५. थंड झाल्यावर काचेच्या बरणीत दोन तृतीयांश भरून आठवडाभर ठेवा आणि रोज हलवा. काचेवर दमट दिसलं की पुन्हा वाळवा.

६. मग ॲल्युमिनियमचा थर असलेल्या पाऊचमध्ये, ऑक्सिजन शोषणारी पुडी टाकून सील करा. पावसाळ्यात बरणी उघडली की पॅकिंग त्याच बैठकीत संपवा.

उन्हात का नाही?

"आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश ऊन, ड्रायर कशाला?" हा प्रश्न येणारच. पापड-कुरडयांना ऊन चालतं. शिजलेला भात मात्र ५ ते ६० अंशांच्या मधे तासन् तास राहिला की त्यात बॅसिलस सेरियस नावाचे जिवाणू वाढू शकतात. त्यातला उलट्या करणारा एक विषारी घटक पाणी उकळूनही जात नाही. धूळ आणि माशा वेगळ्याच.

आता विचार करा. तुमचं पाकीट उघडणारा माणूस दवाखान्यापासून दोन दिवसांच्या चालीवर आहे. तिथे पोट बिघडलं तर गोष्ट परताव्यावर थांबत नाही, जिवावर येऊ शकते. म्हणून शंका आली की तो घाणा फेकून द्या. प्रत्येक बॅचचं एक पाकीट तारीख टाकून स्वतःकडे राखून ठेवा. किती महिने टिकेल हे प्रयोगशाळेत तपासून घेतल्याशिवाय लेबलवर छापू नका.

हिशोब मांडू

समजा घरगुती ड्रायरमध्ये दिवसाला २० पाकिटं निघाली. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही टाका.

- कच्चा माल: २५ रुपये
- पाऊच, पुडी, लेबल: १५ रुपये
- वीज, ८ युनिट १० रुपयांनी: ४ रुपये
- मजुरी, ५०० रुपये रोजाने: २५ रुपये
- खराबी आणि नमुने: ६ रुपये

एकूण ७५ रुपये. एमआरपी १५० ठेवली आणि दुकानदाराने ४० घेतले, तर हाती ११०. उरले ३५. कर आणि कुरिअर यातूनच जाणार. स्वतःची मजुरी धरलीच पाहिजे, नाहीतर फुकट राबणं होतं.

आधी खरेदीदार, मग मशीन

आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण बघा. मुंबईच्या आयसीटीमध्ये शिकलेल्या तरुणांनी एस४एस टेक्नॉलॉजीज उभी केली. त्यांच्या सौर ड्रायरवर गावातल्या महिला कांदा, टोमॅटो असा माल वाळवतात आणि तो माल कंपनी विकत घेते. २०२३ मध्ये या कामाला अर्थशॉट पुरस्कार मिळाला. आपण काय उचलायचं? ड्रायर दारात आला तेव्हा माल कोण घेणार हे ठरलेलं होतं.

तुमचा पहिला खरेदीदार कोण? नागपूर-पुण्याचे ट्रेकिंग ग्रुप, हिमालयात बॅच नेणारे आयोजक, चारधामला जाणारे यात्रेकरू. पन्नास पाकिटांची पक्की ऑर्डर आली की मोठ्या ड्रायरचा विचार करा.

कागदपत्रं

घरून विकत असाल तरी पहिल्या विक्रीआधी एफएसएसएआयची नोंदणी हवी. लेबलवर घटक, पोषणमूल्यं, हिरवं चिन्ह, नोंदणी क्रमांक, बॅच, तारखा, निव्वळ वजन, एमआरपी आणि पत्ता हवाच. पाणी किती मिली घालायचं तेही छापा.

२०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदानाची तरतूद आहे. ते बँक कर्जाला जोडलेलं असतं. सध्या अर्ज चालू आहेत का, हे कृषी कार्यालयात विचारूनच कोटेशन घ्या.

या आठवड्याचा गृहपाठ

एक किलो खिचडी करा आणि ओळखीतल्या कुणाच्या ड्रायरमध्ये वाळवा. १०० ग्रॅम थर्मासमध्ये घालून २५० मिली उकळतं पाणी ओता, वीस मिनिटांनी खाऊन बघा. दाणा मधे कडक लागला तर पद्धत बदला. चव जमली की दोन ट्रेकिंग ग्रुपना फोन करा आणि एकच विचारा: "किती रुपयांना घ्याल?" ते उत्तर वहीत लिहून ठेवा. तुमचा धंदा तिथून सुरू होतो.