वय झाले, की चष्मा हवा झाला?

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे फार स्वस्तात वापरली जाते. किराणा दुकानातल्या जुन्या दिवाणजींची बेरीज चुकली, शिंपीकाकांना सुईत दोरा ओवायला वेळ लागला, की सोबतची मंडळी ‘काकांचं आता वय झालं’ म्हणून मोकळी होतात. पण वय हे काही रोगनिदान नव्हे. नेमके काय बिघडले आहे, हे पाहायला नको का?

पुष्कळदा बिघाड डोळ्यांत असतो. चाळिशीच्या सुमारास डोळ्यातील भिंगाची लवचिकता कमी होते. जवळचे पाहताना ते जितके फुगायला हवे तितके फुगत नाही. मग वर्तमानपत्र हात लांब करून वाचावे लागते. या चष्म्याला ‘चाळिशी’ हे नाव देणाऱ्याने निरीक्षण अचूक केले होते! तरीही म्हातारे दिसू या भीतीने अनेकजण तो टाळतात.

या साध्या चष्म्याने किती फरक पडतो? आसामच्या चहामळ्यांत २०१७ साली चाळिशी ओलांडलेल्या ७५१ मजुरांवर याचा अभ्यास झाला. दोन पाने आणि एक कळी खुडण्याचे काम जवळच्या नजरेचे. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून निम्म्यांना चष्मे लगेच दिले, बाकीच्यांना अभ्यास संपल्यावर. ११ आठवड्यांनी, चष्मा मिळालेल्यांच्या कामातील वाढ इतरांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त भरली. पन्नाशीपुढील मजुरांत तर हा फरक सुमारे ३२ टक्के होता. म्हणजे ज्यांना ‘थकलेले’ म्हणायचे, त्यांनाच सर्वाधिक फायदा झाला.

वयाने काहीच बदलत नाही, असे मात्र नाही. मेंदूचा झटपट प्रतिसाद मंदावतो, हे खरेच. पण अनुभव त्यावर तोड काढतो. सॉल्टहाउस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८४ साली १९ ते ७२ वयाच्या टंकलेखकांची पाहणी केली. वयस्कांची बोटे चाचणीत हळू ठरली, पण टंकलेखनाचा वेग मात्र तरुणांइतकाच! कारण ते मजकुरात पुढची अक्षरे आधीच पाहून ठेवत.

ऐकण्याचेही तसेच. उतारवयात बारीक, उंच स्वर आधी हरवतात. गलबल्यात ‘स’ आणि ‘श’ सारखी अक्षरे निसटतात, आणि लोकांना वाटते, सांगितलेले समजतच नाही. ओरडू नका, समोर येऊन, सावकाश बोला.

उलट बाजूही आहे. ‘कालचं पोर, याला काय कळतं’ असे म्हणून नव्या मुलाला चहा आणायला पिटाळणारे जुने लोकही तितकीच चूक करतात. संगणकावर हिशेब ठेवणारा पोरगा आणि कोणते गिऱ्हाईक उधारी बुडवते हे तोंडपाठ असलेले दिवाणजी एका टेबलाशी बसले, तर फायदा दुकानाचाच.

मालकांनी खर्चिक काही करायला नको. टेबलावर दिवा वाढवा, कारण वयस्क डोळ्यांना उजेड जास्त लागतो. नावांच्या याद्या ठळक अक्षरांत लिहा. उभ्याने काम असेल तर स्टूल द्या.

आणि चाळिशी गाठलेल्यांनी बाजारातून तयार चष्मा उचलण्यापूर्वी डोळे एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्यावेत. काचबिंदू गुपचूप नजर खातो. त्याच भेटीत डोळ्यांचा दाब मोजून घेता येतो. मधुमेह असल्यास पडद्याची तपासणी दरवर्षी हवी.